खलनायक कसा रंगवावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकांकिका, कथा, मालिका आणि पटकथा लिहिणाऱ्यांकडून खलनायकाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः मराठी रंगभूमी, मराठी सिनेमा आणि महाभारतातली आहेत, कारण ती बहुतेकांच्या पाहण्या-वाचण्यातली असतात. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नायकाच्या आड येणारा प्रत्येक जण खलनायक असतो का?

नाही. मुलीच्या लग्नाला नकार देणारा बाप हा विरोधक झाला. त्याच बापाने तिला पसंत असलेल्या मुलाची नोकरी घालवायला कुणाला तरी फोन केला, की तो खलनायकाच्या वाटेला लागला. ओळखायची सोपी रीत अशी: कागदावर तीन गोष्टी लिहा. त्याला काय हवं आहे, त्यापायी कुणाचं काय जाणार आहे, आणि हे त्याला कळतं का. तिसऱ्याचं उत्तर 'हो, कळतं आणि तरी तो करतो' असं आलं तर तो खलनायक. 'नाही' आलं तर तुमच्याकडे गैरसमजाचं नाटक आहे, आणि ते वेगळ्या रीतीने लिहावं लागतं (प्रश्न १३ पाहा).

२. काही खलनायक वर्षानुवर्षं लक्षात राहतात, काही पडदा पडताच विसरले जातात. फरक कशाने पडतो?

बहुतेक लेखक उत्तर त्याच्या क्रौर्यात, दिसण्यात किंवा संवादांत शोधतात. आमच्या मते ते त्याच्या आसपासच्या माणसांत असतं. खलनायकाला ताकद कोण पुरवतं, हे ज्या कलाकृतीत स्पष्ट दिसतं, तिथला खलनायक टिकतो.

आपल्या परंपरेतले तीन खलनायक घ्या: शकुनी, कीचक आणि 'मृच्छकटिक' या जुन्या संस्कृत नाटकातला शकार. तिघेही राजाचे मेहुणे आहेत. शकुनी गांधारीचा भाऊ, कीचक विराट राजाच्या राणीचा, सुदेष्णेचा, आणि शकाराची तर ओळखच राजाचा मेहुणा अशी. तिघांकडेही सिंहासन नाही, पण सिंहासनाची सावली आहे. त्यांना हवं ते करता येतं आणि जाब राजाने द्यायचा असतो. कीचक भर सभेत सैरंध्रीला (दासीच्या वेषातल्या द्रौपदीला) लाथ मारतो आणि विराट गप्प बसतो. तो प्रसंग अंगावर येतो तो लाथेपेक्षा विराटाच्या गप्प बसण्याने. कृ. प्र. खाडिलकरांनी १९०७ मध्ये हाच प्रसंग 'कीचकवध'मध्ये रंगवला, प्रेक्षकांनी कीचकात इंग्रज व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन पाहिला आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. सरकारला नुसता एक उन्मत्त सेनापती झोंबला नसता. त्याला मोकळं रान देणारी सभा कुणाची, हे प्रेक्षकांना कळत होतं.

विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'ची (पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२, पुणे) रचनाच या हिशेबावर उभी आहे. घाशीराम आपली मुलगी नाना फडणविसाला देतो आणि बदल्यात कोतवाली घेतो. पुढे पुण्यावर जुलूम घाशीरामाच्या नावाने होतो आणि लगाम नानाच्या हातात राहतो. काम सरल्यावर नाना त्याला जमावाच्या हवाली करतो. रंगमंचावर मागे ब्राह्मणांची माणसांची भिंत उभी असते. ती नाचते, गाते, पाठ फिरवते, लपवते. जुलमाचा पुरवठा सगळा वेळ डोळ्यांसमोर असतो.

तेव्हा लिहिताना 'हा किती वाईट आहे' हे विचारण्याआधी 'याला हे करू कोण देतं आणि त्या माणसाला त्यात काय मिळतं' हे विचारा.

३. नवा खलनायक लिहायला बसलो आहे. सुरुवात कुठून करू?

या क्रमाने केलंत तर पुढची खोडाखोड बरीच वाचते.

पहिलं, त्याला काय हवं ते एका वाक्यात आणि हाताला लागेल असं लिहा. 'सत्ता हवी' याचा उपयोग नाही. 'जूनच्या निवडणुकीत बाजार समितीचं सभापतिपद हवं' याचा आहे, कारण त्यातून तारीख, मतदार, खर्च आणि अडथळे आपोआप मिळतात.

दुसरं, त्याचे तीन पुरवठादार ठरवा आणि प्रत्येकापुढे त्याला काय मिळतं ते लिहा. ड्रायव्हरला मुलाची नोकरी, मेहुण्याला रस्त्याचं कंत्राट, आईला 'माझा मुलगा कर्ता निघाला' हे समाधान. तिघांपैकी निदान एकाला पैशाखेरीज दुसरं काहीतरी मिळायला हवं, नाहीतर सगळे भाडोत्री वाटतात.

तिसरं, त्याचं वकीलपत्र घ्या. त्याच्या तोंडून, 'मी' वापरून, साधारण ३०० शब्दांत त्याची बाजू मांडा. अट एकच: त्यात त्याने स्वतःला वाईट म्हणायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही. वाचताना तुम्हाला क्षणभर पटलं नाही तर पान फाडा आणि पुन्हा लिहा. हे पान संहितेत जात नाही, पण संवाद त्यातूनच निघतात.

चौथं, तो काय करणार नाही ते ठरवा. देवळात खोटं बोलणार नाही, जेवायला बसलेल्या माणसाला उठवणार नाही, काहीही चालेल. सीमा असली की ती मोडण्याचा एक प्रसंग तुमच्या हाताशी राहतो.

नाव, मिशा, गाडी, बंडी हे सगळं यानंतर. उलट्या क्रमाने गेलात तर मिशाच हातात राहतात.

४. त्याला दुःखद भूतकाळ द्यावाच लागतो का? नाही दिला तर एकसुरी वाटतो आणि दिला तर सहानुभूतीच मिळते.

द्यावा लागत नाही. शकुनीने वडिलांच्या हाडांचे फासे केले, त्याच्या घराण्याचा कौरवांनी छळ केला होता, ही कथा आपल्याकडे घरोघरी सांगतात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत ती नाही. तिथला शकुनी भाच्याचा मत्सर ओळखतो आणि त्याला वाट काढून देतो. लोकांनी पुढे त्याला सूडाचं कारण जोडलं, यावरून प्रेक्षकाला कारणाची भूक असते हे दिसतं. पण त्या कारणावाचूनही द्यूताचा प्रसंग तितकाच घट्ट उभा राहतो.

द्यायचाच असेल तर दोन पथ्यं पाळा. भूतकाळ गुन्ह्याच्या आधी सांगा, नंतर नको, कारण नंतर सांगितलेला भूतकाळ माफीनाम्यासारखा ऐकू येतो. घाशीरामाला पुण्यात चोर ठरवून मारतात ते सुरुवातीला, त्याचे अत्याचार नंतर. दुसरं, त्याच परिस्थितीतून गेलेलं आणि वाकडं न झालेलं एखादं माणूस नाटकात ठेवा. बहीण, मित्र, कुणीही. लांबलचक संवाद त्याला नको, नुसतं असणं पुरतं.

५. निळू फुल्यांचे खलनायक अजून का भिडतात?

कारण त्यांचा पाटील, चेअरमन किंवा सावकार घाईत नसतो. गावात कुणी घाई करायची आणि कुणी वाट पाहायला लावायची हे ज्याच्या हातात असतं त्याला ओरडावं लागत नाही, आणि फुल्यांनी हे अंगात मुरवलेलं होतं. मान किंचित खाली, नजर भुवयांखालून वर, आवाज खालच्या पट्टीत, शब्दाचं शेपूट लांबवलेलं. समोरच्याचं बोलणं संपल्यावर ते क्षणभर काहीच करत नाहीत. त्या क्षणात समोरचा माणूस आणखी काहीतरी बोलून बसतो आणि अडकतो.

'सामना' पाहा. जब्बार पटेलांचा हा पहिला चित्रपट, पटकथा तेंडुलकरांची, १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील साखर कारखान्याचा सर्वेसर्वा आहे. दारूत बुडालेल्या मास्तरला तो घरी आणतो, खाऊ-पिऊ घालतो, त्याच्याशी गप्पा मारतो. डॉ. लागूंचा मास्तर मारुती कांबळेचं काय झालं हे विचारायला लागतो तेव्हा पाटलाचा पाहुणचार आणि पाटलाची दहशत एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. त्याने गावाचा विकास खरोखर केलेला आहे, हीच अवघड गोष्ट आहे. लाभ झालेलं अख्खं गाव त्याचं पुरवठादार आहे.

फुले राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतले, आयुष्यभर सामाजिक चळवळींशी जोडलेले कार्यकर्ते होते. ज्या सत्तेविरुद्ध बोलायचं तिचं बारीक निरीक्षण त्यांच्याकडे होतं. खलनायक लिहिणाऱ्याने आणि करणाऱ्याने ही तयारी त्यांच्याकडून घ्यावी.

६. आरडाओरडा न करता धमकी कशी लिहायची?

एका गावातला चेअरमन आणि त्याच्याविरुद्ध तक्रार अर्ज केलेला मास्तर. पहिला खर्डा बहुधा असा येतो:

"मास्तर, अर्ज मागे घ्या! माझ्या वाटेला जाल तर वाटोळं करीन तुमचं!"

आता हेच असं लिहून पाहा:

"मास्तर, आईंना डायलिसिसला कधी नेता?"
"मंगळवारी आणि शुक्रवारी."
"एस्टीनं?"
"हो."
"एस्टीनं नको. या मंगळवारपासून आपली गाडी येईल दारात. अर्जाचं निवांत बघू."

दुसऱ्यात तीन गोष्टी झाल्या. मास्तरच्या घरातलं चेअरमनला ठाऊक आहे, हे मास्तरला कळलं. चेअरमनने काढून घेतलं काही नाही, उलट दिलं. आणि मागणी शेवटच्या तीन शब्दांत, तीही आज्ञार्थ न वापरता आली. गाडी स्वीकारली तर मास्तर मिंधा, नाकारली तर आईचे हाल.

यात बिघडतं ते पुढच्या ओळीत. मास्तरने "तुम्ही मला धमकी देताय?" असं विचारलं की सगळं ओतून गेलं. त्याला "बरं" म्हणू द्या किंवा चहाचा कप उचलू द्या. पार्श्वसंगीताची धून इथे टाकू नका, प्रेक्षकाला कळलेलं असतं.

७. खलनायकाचा प्रवेश कधी व्हावा आणि त्याला किती वेळ द्यावा?

४५ ते ६० मिनिटांच्या एकांकिकेत त्याचं नाव पहिल्या पाच मिनिटांत कानावर पडावं आणि तो स्वतः साधारण बाराव्या-पंधराव्या मिनिटाला यावा. मधल्या वेळात त्याच्या कृत्याचा परिणाम दाखवा: बंद पडलेलं दुकान, शाळा सोडलेली मुलगी, त्याच्या नावाने आवाज बारीक करणारी माणसं. मग प्रवेशाला ढोल-ताशा लागत नाही.

तीन प्रवेश पुरतात. पहिल्यात तो देतो, दुसऱ्यात मागतो, तिसऱ्यात काढून घेतो. चौथा लिहावासा वाटत असेल तर आधी पाहा की तो पहिल्या तिघांपैकी कशाची पुनरावृत्ती तर नाही. दोन अंकी नाटकात मध्यंतराआधी त्याचा एक तरी विजय पक्का व्हायला हवा. हरतच आलेला खलनायक दुसऱ्या अंकात कुणाला घाबरवत नाही.

८. त्याला स्वगत द्यावं का?

द्यायला हरकत नाही, पण एक मिनिटापेक्षा जास्त नको. मराठीत ते साधारण १०० ते १२० शब्द होतात. स्वगतात बेत सांगू नका, बेत पुढे दिसणारच आहे. त्याला न सुटलेला हिशेब सांगू द्या: नेमकं कुठे अडलंय, कुणावर भरवसा ठेवावा. शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो'तला खलनायक इयागो, त्याची मोहिनी यातच आहे. तो आपल्यासमोर कारणं जुळवत राहतो, एक कारण देतो, मग दुसरं, आणि आपण नकळत त्याच्याबरोबर विचार करू लागतो. देवलांनी 'झुंझारराव' या नावाने 'ऑथेल्लो' मराठीत आणलं ते १८९० मध्ये, त्यामुळे हा नमुना आपल्या रंगभूमीला नवा नाही.

९. हसवणारा खलनायक भीतिदायक राहू शकतो का?

राहतो, आणि नीट जमला तर जास्त. अट अशी की विनोद त्याच्या स्वभावातून यावा आणि हातातली ताकद खरी असावी. शकार पुराणातले संदर्भ भलतीकडे लावतो, स ऐवजी श बोलतो, प्रेक्षागृह हसत असतं. तोच माणूस बागेत वसंतसेनेचा गळा दाबतो आणि आळ चारुदत्तावर घालतो. आपण इतका वेळ कुणाला हसत होतो, हे त्या क्षणी कळतं.

दशावतारातल्या संकासुराचं काम निराळं आहे. काळ्या वेषातला हा वेद चोरणारा असुर मालवणीत प्रेक्षकांशी थट्टामस्करी करतो, चालू घडामोडींवर बोलतो, आणि शेवटी विष्णूकडून मारला जातो. तिथे भीती हा हेतूच नाही. त्याच्या मोकळीकीची मजा घ्यायची असते. तुमच्या खलनायकाकडून यांपैकी काय हवंय ते आधी ठरवा.

'झपाटलेला'तला (१९९३) तात्या विंचू हा तिसरा प्रकार. आवाज दिलीप प्रभावळकरांचा, बाहुला रामदास पाध्यांचा. एका हातभर बाहुल्याची भीती वाटते कारण त्याचे नियम पक्के आहेत: त्याला बाहुल्यातून बाहेर पडायचंय आणि त्यासाठी नेमकं लक्ष्याचंच शरीर हवंय. काय हवं हे लहान मुलालाही सांगता येतं (प्रश्न ३ मधली पहिली पायरी). विनोदी भयकथेत हा नियम अर्ध्यात बदललात तर हसू राहतं, भीती जाते.

१०. खलनायिका म्हटलं की खाष्ट सासू किंवा कारस्थानी जाऊच का येते? वेगळं काय करता येईल?

कारण तिला घराबाहेर काही हवंच नसतं असं गृहीत धरलेलं असतं. सासूचीच गोष्ट लिहायची असली तरी चालेल, पण तिला काय गमवायची भीती आहे ते नेमकं लिहा. तिजोरीची किल्ली, स्वयंपाकघरातला शब्द, की मुलगा महिन्याचा पगार आता कुणाच्या हातात देतो? तीस वर्षं ज्या घरात तिला दुसरी कुठली सत्ता मिळाली नाही, तिथे डाळीच्या डब्यावरचा ताबा हा क्षुल्लक विषय नसतो. हे दिसलं की ती आपोआप माणूस होते, आणि तिचा दुष्टपणा कमी न होता जास्त खरा वाटतो.

ललिता पवारांकडे पाहा. रामानंद सागरांच्या 'रामायण' मालिकेतली मंथरा त्यांची, आणि 'अनाडी'तली (१९५९) मायाळू घरमालकीण मिसेस डिसाही त्यांचीच. मंथरेला स्वतःसाठी काहीच नको असतं. तिला कैकेयी मोठी हवी असते, कारण तिचं स्थान कैकेयीच्या स्थानावर टांगलेलं आहे. परावलंबी माणसाचं कारस्थान हा विषय मराठी मालिकांनी अजून नीट हाताळलेला नाही.

११. हुशार खलनायक कसा दाखवू? नुसतं 'तो फार हुशार आहे' असं इतरांनी म्हणून भागत नाही.

त्याला समोरच्याची दुखरी जागा ओळखू द्या आणि फक्त तिथेच बोट ठेवू द्या. शकुनी दुर्योधनाला सांगतो की युधिष्ठिराला द्यूताची आवड आहे पण खेळता येत नाही, आणि बोलावणं आलं की तो नाही म्हणू शकणार नाही. बस. सगळा बेत पांडवांच्या थोरल्याच्या स्वभावावर उभा आहे.

गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला तळीराम हेच करतो. सुधाकर वकील आहे, बुद्धिमान आहे, पण मानी. वकिलीची सनद तहकूब झाल्याचा अपमान त्याला सोसवत नाही, आणि नेमक्या त्या घडीला तळीराम प्याला पुढे करतो. आदल्या दिवशी केला असता तर सुधाकरने त्याला हाकललं असतं.

तपासायला सोपं: तुमच्या नायकाच्या जागी दुसऱ्या स्वभावाचा माणूस ठेवा. खलनायकाचा बेत तरीही जसाच्या तसा चालत असेल तर तो बेत हुशारीचा नाही, योगायोगाचा आहे.

१२. रावण, दुर्योधन, कर्ण यांच्या बाजूने लिहायचं आहे. कशाची काळजी घ्यावी?

त्यांची बाजू मांडा, त्यांचं कृत्य पुसू नका. कर्णाला नायक करताना द्यूतसभेत द्रौपदीबद्दल तो जे बोलला ते गाळायचा मोह होतो. गाळलंत की तो निर्दोष आणि निर्जीव होतो. ते ठेवा आणि त्यानंतरचा कर्ण लिहा.

संस्कृत नाटककार भासाने 'ऊरुभंग'मध्ये काय केलं ते डोळ्यांसमोर ठेवा. मांड्या मोडलेला दुर्योधन जमिनीवर पडला आहे. त्याचा लहानगा मुलगा दुर्जय येतो आणि सवयीने मांडीवर बसायला जातो. बापाला त्याला अडवावं लागतं. ज्याने भर सभेत द्रौपदीला मांडी दाखवली, त्याच्याच मांडीवर आता स्वतःचं मूल बसू शकत नाही. भासाने शिक्षा कमी केली नाही आणि पूर्वीचं काही नाकारलं नाही. तरी पाहणाऱ्याच्या पोटात तुटतं. बाजू घेऊन लिहिण्याचा याहून चांगला धडा आम्हाला माहीत नाही.

१३. खलनायकाशिवाय नाटक उभं राहतं का? माझ्या कथेत वाईट कुणीच नाही.

अगदी. 'संशयकल्लोळ'ला फाल्गुनरावाचा संशय पुरतो. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये बेणारेबाईंना घेरणारे सगळे एरवी साधे, सभ्य लोक आहेत. खेळ म्हणून खटला सुरू होतो आणि एकेकाला आपापला जुना राग काढायची संधी मिळते. अशा समूहात कुणा एकाला पुढारी करू नका. प्रत्येकाला थोडं थोडं द्या, म्हणजे थांबवायची जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

रूढी हाच खलनायक असेल तर देवलांची 'शारदा' (१८९९) पुन्हा वाचा. म्हातारा भुजंगनाथ पैसे मोजतो, कांचनभट पोटची पोर विकतो, भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करून आपला वाटा काढतो. रूढी रंगमंचावर आणायची तर तिचे असे दलाल आणावे लागतात. नुसतं 'समाज' म्हटल्याने प्रवेश लिहिता येत नाही.

१४. काळा रंग, लंगडा पाय, चेहऱ्यावर व्रण, गावंढळ बोली: हे वापरू नये असं म्हणतात. मग ओळख कशी पटवायची?

ओळख कृतीतून पटवा. शारीरिक व्यंगातून दुष्टपणा सुचवणं हे त्या व्यंगासह जगणाऱ्या माणसांवर अन्याय करणारं आहे आणि लेखनाच्या दृष्टीने आळशीपणाचंही. ललिता पवारांचा बारीक झालेला डावा डोळा १९४२ मध्ये चित्रीकरणात बसलेल्या थपडेमुळे तसा झाला होता. त्याच डोळ्यांनी मंथराही उभी केली आणि मिसेस डिसाही.

बोलीचं साधं पथ्य: खलनायक वऱ्हाडी किंवा मालवणी बोलत असेल तर त्याच नाटकात तीच बोली बोलणारं दुसरं, भलं पात्र हवं. सगळे प्रमाण मराठीत आणि एकटा गुंड बोलीत असेल तर तुम्ही एका प्रदेशालाच पिंजऱ्यात उभं केलंत. आडनावाचंही तेच. आडनावावरून जात सूचित होते, म्हणून खलनायकाला पदाने किंवा नात्याने हाक मारली तर बरं: दादा, साहेब, चेअरमन, काका.

१५. खऱ्या किंवा ऐतिहासिक माणसावर बेतलेला खलनायक चालतो का?

चालतो, सांभाळून. ऐतिहासिक व्यक्तीच्या बाबतीत घटना आणि तुमची कल्पना यांची दोन वेगळी टिपणं ठेवा, कारण प्रश्न विचारले जाणारच. 'घाशीराम' इतिहास सांगत नाही असं तेंडुलकरांनी स्पष्ट केलं होतं, तरी वाद व्हायचा तो झालाच.

हयात माणसाच्या बाबतीत 'सर्व पात्रे काल्पनिक' ही ओळ म्हणजे चिलखत नव्हे. पद, गाव, घटना आणि लकब यांवरून माणूस ओळखू येत असेल तर बदनामीची तक्रार होऊ शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये ही तरतूद आहे, आणि कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेली मृताची बदनामीही तिच्यात येते. चारांपैकी किमान तीन खुणा बदला. नाटकाच्या बाबतीत महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते, तेव्हा स्पर्धेची तारीख पाहून ती वेळेत पाठवा. शंका मोठी असेल तर वकिलाला संहिता वाचायला द्या.

१६. शेवटी खलनायकाला शिक्षा झालीच पाहिजे का?

नाही, पण कसला तरी हिशेब चुकता व्हायला हवा. मृच्छकटिकात चारुदत्त शकाराला सोडून देतो. ज्याने वधस्तंभापर्यंत नेलं त्याला क्षमा करणारा चारुदत्त मोठा होतो आणि शकार होता तसाच लहान राहतो. 'घाशीराम'मध्ये घाशीराम मरतो, नाना उत्सवाचा हुकूम देतो. पुरवठादार शाबूत राहिला हे प्रेक्षक घरी घेऊन जातो.

'सैराट'चा (२०१६) शेवट आठवा. माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, आर्ची चहा करते. आर्चीच्या भावाला, प्रिन्सला, आपण आधी वर्गात शिक्षकाच्या थोबाडीत मारताना पाहिलेलं असतं आणि त्याचं कुणी काही वाकडं केलेलं नसतं. त्या थपडेचा हिशेब तेव्हाच झाला असता तर तो चहाच्या कपापर्यंत पोहोचला नसता. शेवट पडद्यावर येतो तेव्हा आवाज काढून घेतलेला आहे. संवाद नाही, शिक्षा नाही, खलनायकाचं भाषण तर नाहीच.

हृदयपरिवर्तन हा सर्वांत अवघड शेवट. गडकऱ्यांच्या 'पुण्यप्रभाव'मध्ये वसुंधरेच्या तेजापुढे वृंदावन बदलतो. त्या काळच्या प्रेक्षकाने ते स्वीकारलं. आज ते हवं असेल तर बदलाची किंमत त्याला रंगमंचावर मोजायला लावा: ज्यासाठी सगळं केलं ती गोष्ट त्याने स्वतः, साक्षीदारांसमोर सोडली पाहिजे. नुसते अश्रू पुरत नाहीत.

१७. प्रेक्षक खलनायकालाच टाळ्या देतात. काय करावं?

दोष बहुधा एकच असतो: त्याची ऐट दाखवली, झळ दाखवली नाही. ज्याचं नुकसान झालं त्याला नाव द्या, आणि प्रत्येक अत्याचारानंतर खलनायक निघून गेल्यावर अर्धा मिनिट तरी त्या माणसाला रंगमंचावर राहू द्या. त्याने रडू नये. पडलेली भांडी गोळा करावीत, नंबर लावून न बोलताच फोन ठेवावा, असं काही. शिवाय सगळे चुरचुरीत संवाद खलनायकाला दिले आहेत का, तेही पाहा. दोन तरी नायकाकडे वळवा.

१८. भूमिका करणाऱ्या नटाला काय सांगावं?

'वाईट माणूस' करू नकोस, एवढं पहिल्या तालमीलाच सांगा. त्याला प्रश्न ३ मधलं वकीलपत्र वाचायला द्या. हातांना काम द्या: पान लावणं, हिशेबाची वही, नातवाच्या सायकलची चेन बसवणं. हातातलं काम न थांबवता बोललेली धमकी जड पडते, आणि काम थांबलं की ते थांबणंच संवाद होतं. खालच्या पट्टीत बोलायचं असेल तर व्यंजनं स्पष्ट हवीत, नाहीतर मागच्या रांगांना नुसती गुणगुण ऐकू येते. शेवटच्या रांगेत एक माणूस बसवून तालीम घ्या. खालून मारलेला लाल किंवा हिरवा प्रकाश टाळा, तो नटाचं काम हिरावून घेतो.

१९. रहस्यकथेत खलनायक शेवटपर्यंत लपवायचा आहे. मग वर सांगितलेलं कसं लागू करू?

माणूस लपवा, हेतू लपवू नका. त्याला हवी असलेली गोष्ट (समजा, वाड्याचा कागद) पहिल्या पंधरा पानांत वाचकासमोर ठेवा आणि ती तीन-चार जणांना हवी असू द्या. पुरवठादारही दिसू द्या: कुणीतरी दार उघडं ठेवलं, कुणीतरी वेळ चुकीची सांगितली. फक्त ते कुणासाठी केलं हे मागे ठेवा. खऱ्या गुन्हेगाराला मधल्या भागात निदान एकदा खरी मदत करू द्या, आणि त्या मदतीत त्याचा स्वार्थ असू द्या, म्हणजे दुसऱ्या वाचनात तो प्रसंग वेगळा दिसतो.

खर्डा झाल्यावर तिघांना शेवटची वीस पानं काढून वाचायला द्या. तिघांनीही एकच नाव सांगितलं तर खुणा जास्त झाल्या आहेत, प्रत्येकी एक कमी करा. तिघांनी तीन नावं सांगितली आणि खरं नाव त्यात नसेल, तर शेवट वाचून झाल्यावर त्यांना विचारा की मागे कुठे संशय यायला हवा होता. त्यांना एकही जागा दाखवता आली नाही तर खूण पेरलेलीच नाही. अशी निदान एक जागा पहिल्या निम्म्या भागात, गर्दीच्या प्रसंगात, दुसऱ्याच कुणाच्या तोंडून आलेल्या ओळीत घाला.